खुपतं ते आधी सांगा

सरांकडे खोली बघायला गेलात की ते पगार विचारत नसत, गाव विचारत नसत, मांसमच्छी खाता का हेही विचारत नसत. पाण्याचा ग्लास पुढे करायचे, समोर कांदा चिरायला बसायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "दुसऱ्या धर्माच्या माणसाचं तुम्हाला काय खुपतं, ते आधी सांगा."

बहुतेक लोक इथंच गळायचे. परक्या मुलखात खोली मागायला आलेला माणूस, तो काय बोलणार? "छे छे सर, आम्हाला सगळे धर्म सारखेच!" असं म्हणून गोड हसायचा. सर सुरी खाली ठेवायचे आणि तितकंच गोड हसून म्हणायचे, "मग तुम्हाला खोली नाही." एका चांगल्या बँकवाल्याला त्यांनी असंच वाटेला लावलं होतं. मी मागाहून त्यांना कारण विचारलं, तर म्हणाले, "अगं, ज्याला काहीच खुपत नाही त्यानं अजून विचारच केलेला नाही. उद्या करील, आणि तो माझ्या किचनमध्ये उभा राहून करील."

आम्ही नवरा-बायको दुबईजवळ अजमानला त्यांच्या दारात गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी रत्नागिरीची. आमच्या मोहल्ल्यात मला सगळे तोंडाळ म्हणत, आणि ते काही खोटं नव्हे. हॉलमध्ये शिरल्याशिरल्या समोर मेरीमाउलीची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती, प्लॅस्टिकची फुलं. सरांनी प्रश्न विचारला आणि मी बोलून गेले, "घरात मूर्ती असली की माझं नमाजात मन लागत नाही." माझ्या नवऱ्यानं टेबलाखालून असा पाय मारला की दोन दिवस नडगी ठणकत होती.

सर मात्र उठून उभे राहिले. "शाब्बास! खोली दिली," म्हणाले. "मूर्ती हलणार नाही, हे आत्ताच सांगतो. ती माझ्या बायकोची आहे. पण तुला डावीकडची खोली देतो. तिथून किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड केलंस की माउली तुझ्या पाठीमागे येते. मी मापून बघितलंय." आणि खरंच बघितलं होतं. आमच्या आधी तिथं एक पठाण कुटुंब राहून गेलं होतं.

सर वसईचे कॅथलिक. तिकडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. मग कधीतरी गल्फला आले आणि जबल अलीतल्या एका कंपनीत कामगारांच्या राहण्याची व्यवस्था बघायला लागले. वरचे साहेब विचारायचे, कुठल्या धर्माची माणसं एका खोलीत ठेवली तर भांडतील? सर म्हणायचे, "ज्या खोलीत चार्जिंगचा प्लग एकच आहे त्या खोलीतली." त्यांचं मतच होतं की भांडण प्लगवरून होतं, धर्म मागाहून येतो, वकील म्हणून. तेव्हापासून त्यांच्या ताब्यातल्या प्रत्येक खोलीत प्लग वाढले. मग लाइटबिलावरून साहेब लोक ओरडले, तर सर म्हणाले, दंगलीपेक्षा स्वस्त पडतं.

घरात ते लुंगीवर इस्त्रीचा फुलशर्ट घालायचे, कफची बटणं लावून. शिकवायचं सुटलं होतं, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. त्यांचा वर्ग म्हणजे किचन आणि विद्यार्थी म्हणजे आम्ही तिघंचौघं. आम्ही दोघं, आणि उजवीकडच्या खोलीत सांगलीचे कुलकर्णी आणि त्यांच्या मिसेस, आमच्या स्वातीवहिनी. वहिनींनी मुलाखतीत "मासे" एवढा एकच शब्द उच्चारून नाकाला पदर लावला होता. त्यांनाही ताबडतोब खोली मिळाली. मासे बंद झाले नाहीत हे सांगायला नकोच. पण नियम असा झाला की सुकट भाजायची असेल त्यानं आधी हॉलमध्ये येऊन मोठ्यानं ओरडायचं, "यल्ला, सुकट!" यल्ला म्हणजे अरबीत "चला". मग वहिनी पर्स उचलून खाली सुपरमार्केटात जायच्या. सुकटीपायी त्यांची किती खरेदी झाली असेल, कुलकर्णींनाच ठाऊक! हळूहळू त्या दारापर्यंतच जायला लागल्या. मग बाल्कनीपर्यंत. शेवटी शेवटी त्या बाल्कनीतूनच ओरडायच्या, "करपतंय गं तुझं, गॅस बारीक कर!"

कांदा चिरता चिरता सरांचं लेक्चर सुरू व्हायचं. "साम्राज्यं सहिष्णू का होती, सांग बघू? आळशी होती म्हणून! बादशहाला महसूल वेळेवर पोचला की खलास. तू नारळ फोड, मेणबत्ती लाव, पाचदा गुडघे टेक, त्याला कुठं वेळ आहे? मग राष्ट्रं आली. राष्ट्र म्हणजे नवी सासू. सून नुसती कामाची असून चालत नाही, तिनं भेंडीसुद्धा आमच्यासारखीच चिरली पाहिजे."

"म्हणजे बादशहा बरा?" कुलकर्णी विचारायचे. त्यांना असल्या वादात भारी रस.

"छे! बादशहाला तुमचं काही खुपतच नव्हतं. जे खुपत नाही ते चालू देण्यात कसला आलाय मोठेपणा? मला कारल्याची भाजी चालते, म्हणून मी काय संत झालो?" आणि मग डोळे पुसत, कांद्यामुळेच, म्हणायचे, "खुपतंय, बंद करायची ताकद आहे, आणि तरी बंद करत नाही, त्याला सहिष्णुता म्हणायचं. बाकी सगळं हवापाण्यावरचं बोलणं."

एकदा मी त्यांना टोकलं होतं. म्हटलं, सर, इथं बघा की, दुबईत, अजमानात, दोनशे देशांची माणसं एका लिफ्टमधून जातात, कोण कुणाला काही बोलत नाही. आपल्याकडे का नाही जमत?

"कारण इथं आपण पाहुणे आहोत," ते म्हणाले. "पाहुणा सोफ्यावर पाय घेऊन बसत नाही. त्याला लगेच सद्गुणी म्हणू नये. माणसाची परीक्षा त्याच्या हातात किल्ली आली की सुरू होते." आणि हॉलकडे बोट दाखवलं. "माझी मेरी हॉलमध्ये आहे आणि तुझी नमाजाची जानमाज तुझ्या खोलीत. का? फ्लॅटची किल्ली माझ्याकडे आहे म्हणून. माझा देव मोठा आहे म्हणून नव्हे. हे मी विसरलो तर मला आठवण करायची."

असं स्वतःबद्दल बोलणारा किल्लीवाला मी तरी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडे लोक चाळीतला नळ ताब्यात आला तरी सुलतान होतात.

पण या घरात एक गोष्ट कुणालाच कळत नव्हती. किचनला लागून एक लहानशी खोली होती, इथं मेड्स रूम म्हणतात तसली. ती सर कुणाला देत नसत. अजमानात माणसं जिन्याखाली राहायला तयार असतात आणि हे ती खोली रिकामी ठेवायचे. आत काही म्हणजे काही नाही. एक चटई, एक खुर्ची. भिंती पांढऱ्याफेक, साधा खिळासुद्धा नाही. वर्षातून एकदा स्वतः चुना-रंगाचा डबा आणून रंगवायचे. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की ते तिथं चोरून झोपतात. वहिनींना वाटे, बायकोच्या आठवणीसाठी असेल. मी एकदा थेट विचारलं. "ती बुक आहे," एवढंच म्हणाले.

सरांचं स्वतःचं खुपणं काय, तेही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सगळ्यांचं काढून घेतलं आणि आपलं झाकून ठेवलं, अशी मी त्यांची चेष्टा करायचे. ते मला हळूहळू कळलं, शनिवारी शनिवारी.

सरांना एकच लेक, मेबल. दुबईत अल बर्शाला राहायची, चांगल्या नोकरीत होती, नवराही चांगला. आई गेली त्या वर्षी ती एका प्रार्थनासभेत जायला लागली आणि बिलिव्हर झाली. म्हणजे ख्रिश्चनच, पण मूर्ती नको, मेणबत्ती नको, क्रूसाची खूण करायची नाही, आणि दुसऱ्या कुठल्या देवापुढचं अन्न तर वर्ज्यच. दर शनिवारी ती बापाला बघायला यायची, पण उंबऱ्याच्या आत दोन पावलं. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायची. मूर्तीकडे पाठ करून उभी राहायची, औषधं द्यायची, शुगर विचारायची आणि निघायची. चार वर्षांची मुलगी होती तिला, पण तिला या घरात कधी आणली नाही. "माय डॉटर विल नॉट ग्रो अप बिफोर आयडल्स," असं तिनं बापाला तोंडावर सांगितलं होतं. आजोबा-नात भेटायची ती अल बर्शाच्या मॉलमध्ये, फूडकोर्टात. सर त्याला "तटस्थ भूमी" म्हणायचे. हसत म्हणायचे, पण तिकडून आले की त्या दिवशी लेक्चर होत नसे.

मला तिचा असा राग यायचा! एकदा ती गेल्यावर मी भडकलेच. "सर, ज्या बापानं सगळ्या जगाला घरात घेतलं त्याच्या घरचं ही पाणी पीत नाही? आणि तुम्ही ऐकून घेता?"

"मग काय करू? पाणी पाजू बळंच?" सर म्हणाले. "तिचं तिला पटलंय. माझ्यासारखी अर्धवट नाही ती, आई गेली तेव्हा तिला जो आधार मिळाला तो तिथं मिळाला. मला द्यायला जमला नाही." मग म्हणाले, "मला खुपतं गं. रोज खुपतं. तू विचारत होतीस ना?"

मी उगाच भांडी घासत बसले.

आणि मग तो ईदचा दिवस आला. त्या वर्षी ईद आणि पाडवा एकाच दिवशी, आणि तो नेमका रविवार. सरांचे उपासाचे दिवस चालू होते, ईस्टरला अवकाश होता. म्हणजे एकाच किचनमध्ये एका शेगडीवर माझा शीरखुर्मा, दुसरीवर वहिनींचं पुरण, आणि सर दोन्हींचा वास घेत कोरा चहा पिणार. बिल्डिंगवाल्यांनी बाल्कनीबाहेर काही लावायला बंदी केली होती, म्हणून कुलकर्णींनी पडद्याच्या दांड्यावर हॉलमध्येच गुढी उभारली. खालच्या रस्त्यावर कडुनिंबाची झाडं रांगेनं आहेत, त्यामुळे पाल्याची ददात नव्हती.

सर सकाळी चर्चला गेले आणि मेबलचा फोन आला, मलाच आला. तिचा नवरा ड्यूटीवर होता, मुलीला ठेवायला कुणी नव्हतं, आणि सरांचं औषध संपलं होतं. "मी पाच मिनिटांसाठी येते. तिला घेऊन येते. दारातूनच परत जाईन."

नात येणार! मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. दोघींच्या डोक्यात एकच आलं. आधी गुढी उचलून कुलकर्ण्यांच्या खोलीत नेली, साखरेच्या गाठी हेलकावत गेल्या. मग राहिली माउली. वहिनी म्हणाल्या, "तू घे, माझे हात पुरणाचे आहेत." अल्ला मला माफ करो, ज्या मूर्तीपायी माझं नमाजात मन लागत नव्हतं ती मी ईदच्या नव्या ओढणीत गुंडाळली आणि माझ्याच कपाटात, माझ्या जानमाजच्या शेजारी, उभी करून ठेवली. पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टॉवेल लावले. वर म्हटलंसुद्धा, "बाई, जरा वेळ कळ काढ, तुझ्या नातीसाठीच चाललंय."

सर आले. त्यांनी बूट काढले, हॉलकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबले. त्या माणसाला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

"कुणी केलं हे?"

आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या उभ्या. मी सांगितलं, मेबल येतेय, मुलीला घेऊन. त्यांचा चेहरा एकदम असा हलला की मला वाटलं आता रडतील. पण नाही.

"आणि तुम्ही तिच्यासाठी घर धुऊन पुसून कोरं केलंत? तिला फसवून आत घ्यायचं? ती आत येईल, बसेल, आणि पुढच्या शनिवारी तिला माउली दिसेल, मग? आणि कुलकर्णी, तुमचा सण आज आहे की नाही? गुढी आणा आधी बाहेर!" माझ्याकडे वळून आवाज खाली आणून म्हणाले, "ज्या घरात कुणाचा तरी देव लपवावा लागतो, त्या घरात मी तुला खोली दिली असती का?"

मी कपाटातून माउली आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओढणी घडी करून मला परत केली, मूर्ती जागेवर ठेवली, मेणबत्ती पेटवली. काडी दोनदा विझली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात मेबल, हातात पाण्याची बाटली, खांद्याला डबा, बोटाला लेक. समोर मेरी, मेणबत्ती, गुढी, आणि शीरखुर्म्याचा वास. ती थिजलीच.

"डॅडी, मी आत येत नाही. हे औषध घ्या."

"औषध घेतो," सर म्हणाले. "पण आज मला नीट सांग. काय खुपतं तुला? दारात उभी राहून दरवेळी नुसती पाठ फिरवतेस. आज सांग."

"डॅडी, नॉट टुडे."

"आजच."

आणि मग ती बोलली. चार वर्षांचं साचलेलं होतं. "मला ही मूर्ती खुपते. मम्मीची आहे म्हणून जास्त खुपते, कारण मम्मी गेली तेव्हा तुम्ही तिच्यापुढे मेणबत्त्या लावत बसलात आणि मी आतल्या खोलीत एकटी होते. ही गुढी खुपते. ह्यांचं गोडधोड खुपतं. मला वाटतं हे सगळं चूक आहे, डॅडी, खरंच वाटतं, मी नाटक करत नाही. आणि सगळ्यात जास्त तुम्ही खुपता. सगळ्यांचं समजून घेता, माझंच नाही घेतलंत."

किचनमध्ये माझं दूध उतू जायला लागलं होतं, त्याचाच काय तो फुसफुसाट. वहिनी रडत होत्या. खरं सांगायचं तर मीही रडत होते, आणि ज्या पोरीचा मला इतका राग यायचा तिच्याचसाठी रडत होते.

सर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शाब्बास. खोली दिली."

तिला कळलंच नाही. आम्हाला कळलं. सर किचनकडे गेले, त्या लहान खोलीचं दार उघडलं, खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "इथं मूर्ती नाही, कॅलेंडर नाही, खिळासुद्धा नाही. तू बिलिव्हर झालीस त्या वर्षी काढला. आत तुझं राज्य. तू म्हणशील ते चालेल, नाही म्हणशील ते नाही. हॉल माझा आहे, तिथं माउली राहणार, ते तू सोस. इथलं मी सोसतो."

मेबल खोलीत डोकावली. त्या पांढऱ्या भिंतींवरून तिनं हात फिरवला.

तेवढ्यात पोरगी तिचं बोट सोडून हॉलमध्ये पळाली होती. मूर्तीसमोर उभी राहिली, मान वर करून, आणि आजोबांना विचारलं, "हू इज दॅट लेडी?"

या प्रश्नाची सर चार वर्षं वाट बघत असणार. त्या मूर्तीची अख्खी गोष्ट त्यांच्या ओठांवर आलेली मला दिसली. वसईच्या घरातली, आजीच्या लग्नातली, सगळी. ते नातीजवळ खाली बसले, गुडघे वाजले त्यांचे. आणि म्हणाले, "आस्क युअर मम्मा."

मेबल खोलीच्या दारात होती. हातातली किल्ली तिनं मुठीत मिटली. मग म्हणाली, "दॅट वॉज ग्रॅनीज." आणि मुलीला हाक मारून आत घेतलं. मायलेकींनी चटईवर बसून आपला डबा खाल्ला. शीरखुर्मा मी विचारला नाही, सरांनी नजरेनंच मला अडवलं होतं. दार मात्र उघडं होतं.

आता सर वसईला परतलेत. आम्ही अल बर्शाला स्वतंत्र फ्लॅट घेतला. कुणाची मेणबत्ती नाही, कुणाचं पुरण नाही, सुकट भाजताना ओरडावं लागत नाही. काही खुपत नाही हो, आणि करमतही नाही. वहिनींना फोन करते तेव्हा दोघी तासभर त्या घराबद्दलच बोलतो, आणि प्रत्येक वेळी ईदच्या पुढच्या शनिवारावर येऊन थांबतो.

त्या शनिवारी मेबल आली ती मोठा डबा घेऊन. थेट आपल्या खोलीत गेली, कुलूप उघडलं, चटई झटकली आणि आतून हाक मारली, "डॅडी, या जेवायला. आज फिश करी आणलीय." सर कफची बटणं नीट करून गेले. पाहुण्यासारखे दारात थांबले, तिनं "बसा" म्हटल्यावर बसले. ताट पुढं आलं आणि जन्माची सवय, क्रूसाची खूण करायला त्यांचा उजवा हात कपाळाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्यांना खोली कुणाची ते आठवलं. हात तसाच खाली आणून त्यांनी मांडीवर ठेवला आणि भाताकडे बघत बसले.

मेबलनं ते बघितलं. किचनमधून मी आणि वहिनीही बघत होतो.

"करा, डॅडी," ती म्हणाली. "मला खुपतं. पण करा."